सासूबाईंचं मत

मामंजींशी मी पहिलं वाक्य बोलले ते एका नटीच्या आसवांवरून. लग्न होऊन तोवर वर्ष उलटत आलं होतं.

सासऱ्यांना मामंजी म्हणायचं हे मला माहेरी शिकवून पाठवलं होतं, पण म्हणायचा प्रसंगच कधी येत नव्हता. सुनेनं सासऱ्यासमोर तोंड उघडायचं नाही, ही नागपूरच्या महाल वस्तीतल्या आमच्या घरची रीत. मामंजी दिवसभर छपरीत, म्हणजे घरापुढच्या पडवीत, आरामखुर्ची टाकून बसलेले असायचे. पाणी हवं असलं की समोरच्या भिंतीकडे बघून म्हणत, "पाणी मिळते काय?" मी फुलपात्र उंबऱ्यावर ठेवून मागे फिरे, मग ते उठून उचलत.

माझं माहेर कळमेश्वरचं. तेव्हा ते नुसतं बाजाराचं गाव. लग्नाआधी मी सिनेमा एकदाच पाहिला होता, जत्रेतल्या तंबूत, आणि तोही पडद्याच्या मागल्या बाजूनं, कारण बायकांना तिकडे बसवलं होतं. पडद्यावरचे सगळे उजवे हात मला डावे दिसले. सिनेमात डावखुरी माणसंच घेतात, अशी पुष्कळ दिवस माझी समजूत होती. हे मी लग्नानंतर ह्यांना सांगितलं तेव्हा हे इतके हसले, की सासूबाईंनी आतून विचारलं, "काय झालं गा?"

हे म्हणजे माझे यजमान. सचिवालयात कारकून होते. महिन्याकाठी एकदा मला सीताबर्डीवर सिनेमाला नेत. हे खाली पुरुषांत बसत, मी वर जनान्यात. परत येताना टांग्यात मी विचारी, "कसा वाटला?" हे म्हणत, "चांगला होता." पुढल्या महिन्यात दुसरा पाहिला तरी, "चांगला होता." ह्यांना न आवडलेला सिनेमा मी उभ्या जन्मात पाहिला नाही.

सिनेमाचं खरं वेड मामंजींना. ते सरकारी शाळेचे हेडमास्तर होते. नोकरीत असताना, शाळा बुडवून सिनेमाला गेलेल्या पोरांना त्यांनी छडीनं फोडून काढलं होतं, असं सगळा महाल सांगे. पेन्शनीत निघाल्यावर कोणाच्या तरी आग्रहाखातर एक दिवस ते स्वतः बोलपटाला जाऊन बसले, आणि त्या दिवसापासून नागपुरात लागलेला एकही बोलपट त्यांनी सोडला नाही. बघत मात्र ते हेडमास्तरासारखेच. घरी आले की खुर्चीत बसून मनाशी गुण देत. "गाणी बरी. संवादात घोळ. शेवट वशिल्यानं पास."

मुंबईहून निघणारं सिनेमाचं एक साप्ताहिक ते पोस्टानं मागवत. दरवर्षी थंडीच्या दिवसांत त्यात एक कूपन छापून येई. वर्षातला उत्कृष्ट बोलपट कोणता, उत्कृष्ट नट कोण, उत्कृष्ट नटी कोण, उत्कृष्ट संगीत कोणाचं, यावर वाचकांनी मतं द्यायची. ज्याला जास्त मतं त्याला सुवर्णपदक. ते कूपन आलं की आमच्या छपरीत वादाला तोंड फुटे. समोरच्या घरात एक रिटायर ओव्हरसियर राहत. दर रविवारी दुपारी ते येऊन बसत, आणि दिवे लागेपर्यंत दोघांची खडाजंगी चाले. मामंजी सांगत, पदक कोणाला मिळायला पाहिजे. ओव्हरसियर सांगत, पदक कोणाला मिळेल. या दोन गोष्टींत किती अंतर आहे ते मला आत भाजणी मळता मळता कळायला लागलं.

"तुमचं शिकवणं गेलं नाही अजून," ओव्हरसियर म्हणत. "पदक अभ्यासानं मिळते काय? ज्या नटीचे फोटो त्या पेपरात जास्ती, पदक तिले. फोटो मोजून पाहा."

"अन् लोकांचं मत?"

"लोक फोटो पाहूनच मत देतात ना गा!"

दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या आधीच्या वर्षांतली ही गोष्ट. त्या साली दोन बोलपटांचं नाव जास्त होतं. एकात एका वकिलाची बायको नवऱ्याविरुद्ध कोर्टात साक्ष देते. दुसऱ्यात नदीकाठच्या नावाड्याची मुलगी असते. आमच्या घरात त्यांची नावंच पडली होती, 'वकिलाचा' आणि 'नावाड्याचा'. दोन्ही मी पाहिले होते. मामंजी 'वकिलाच्या' बाजूचे. त्यातली नटी कोर्टात उभी राहून लांबलचक बोलते आणि बोलता बोलता रडते, ते त्यांना फार पसंत.

त्या रविवारी मी सांबारवडीचं, म्हणजे कोथिंबिरीच्या वड्यांचं, ताट घेऊन उंबऱ्यापर्यंत आले होते. ताट ठेवून आत वळायचं एवढंच काम. मामंजी म्हणत होते, "असं रडणं आजपर्यंत कोणत्या नटीनं रडलं नाही. खरं पाणी. खरं दुःख."

आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "पण मामंजी, तिचं आसू डोळ्यातून निघत नाही. गालावरूनच सुरू होते."

ओव्हरसियरांचा हात ताटाकडे येता येता थांबला. मी पदर दातात धरून स्वयंपाकघरात पळाले आणि चुलीसमोर जाऊन बसले. सासूबाई वडीच्या पिठाचा हात तसाच धरून माझ्याकडे बघत होत्या. बाहेरून आधी ओव्हरसियरांचं हसू ऐकू आलं, मग मामंजींचा आवाज. ते भिंतीला विचारत होते, "गालावरून म्हणजे कसं?"

मी चुलीतलं लाकूड उगीच पुढे सारलं. बोलायची हिंमतच नव्हती.

पुढल्या रविवारच्या आत मामंजी 'वकिलाचा' पुन्हा बघून आले. येऊन पायातले जोडे न काढताच खुर्चीत बसले आणि ह्यांना हाक मारली. "तिले सांग," ते म्हणाले, "गालावरूनच सुरू होते. पाणी लावलं आहे. दोनदा पाहूनही मले दिसलं नव्हतं. अन् विचार तिले, 'नावाड्याच्या' पोरीत असं काय आहे?"

ह्यांनी आत येऊन मला विचारलं. मी ह्यांना सांगितलं. हे बाहेर जाऊन म्हणाले, "ती म्हणते, चांगली आहे."

"असं नाही म्हटलं मी!" मी आतून ओरडले.

"मग काय म्हटलं?" बाहेरून मामंजी.

"मी म्हटलं, बाप बुडाल्याचं सांगायला लोक येतात तेव्हा ती रडत नाही. चुलीवरची भाकर उलटवते. करपेल म्हणून. मग खाली बसते."

"हाव," मामंजी म्हणाले. "भाकर उलटवते खरी. पण त्याले अभिनय म्हणायचा का?"

"मग काय म्हणायचं?"

अशा रीतीनं हे मधून गळाले. मी उंबऱ्याच्या आत, दाराच्या चौकटीला टेकून, पदर पुढे घेऊन. मामंजी बाहेर खुर्चीत, तोंड रस्त्याकडे. एकमेकांकडे बघायचं नाही, पण वाद घालायचा. दुपारची भांडी आटोपली की मी तिथं जाऊन बसू लागले. मामंजी अंक वाचून दाखवत, मध्येच थांबत, आणि मला काय म्हणायचं आहे त्याची वाट बघत. माझ्या बोलण्याची कोणी अशी वाट बघतं, हे मला नवं होतं. माहेरी आम्ही बहिणी पुष्कळ. बोललेलं कोणाच्या कानी पडलं तर पडलं. इथं मात्र मी 'नावाड्याचा' शेवट जरा लांबला असं म्हटलं, तर दुसऱ्या दिवशी मामंजी त्याचं उत्तर तयार करून बसलेले असत.

मला फार आनंद होत होता. त्यात सासूबाईंचं तोंड उतरत चाललंय हे माझ्या ध्यानात आलं नाही.

सासूबाई वाईट नव्हत्या. कष्टाळू, कमी बोलणाऱ्या, हाताला चव असलेल्या. सिनेमा त्यांनी कधी पाहिला नव्हता; पाहावासा वाटतो असंही कधी म्हटलं नव्हतं. आता माझ्या वादाच्या वेळी त्या नेमकं अंगणात काहीतरी काढत. दाणे पाखडायचे, खाट सोडून पुन्हा विणायची, पाटा धुवायचा. वाद रंगात आला की पाट्यावरचा वरवंटा जरा जोरात वाजे. एकदा मी उठून मदतीला गेले तर म्हणाल्या, "राहू दे. तुझं बोलणं चालू आहे ना. जाय, बोल."

मग मत देण्याची वेळ आली. मामंजींनी त्या आठवड्याचे ज्यादा अंक मागवले होते, कारण एका कुपनावर एकच मत. संध्याकाळी त्यांनी दौत-टाक घेतला आणि कुपनं भरायला बसले. त्यांतलं एक कूपन त्यांनी उंबऱ्यावर ठेवलं, वर टाक ठेवला, आणि भिंतीला म्हणाले, "हे सूनबाईचं. ज्याचं त्यानं भरावं."

मी खाली बसून लिहू लागले. लग्नानंतर बदललेलं नाव मी त्याआधी कधी शाईनं लिहिलं नव्हतं. नटीच्या रकान्यात मी 'नावाड्याच्या' पोरीचं नाव घातलं.

सासूबाई दिवा घेऊन आल्या. "काय लिहून राहिली वं?"

"मत देत आहे, आत्याबाई. सुवर्णपदकाचं." सासूबाईंना मी आत्याबाई म्हणे.

"घरातले सगळे देतात?"

"हो. ह्यांचं झालं. मामंजींचं झालं."

"अन् माझं?"

मी मामंजींकडे पाहिलं नाही, पण ते खुर्चीत हलल्याचं ऐकू आलं. "तुझंही भरलं मी," ते म्हणाले. "दरसाल भरतो. तुझ्या नावानं."

"दरसाल?"

"हाव. नाहीतर एक मत फुकट जाते."

सासूबाईंनी दिवा खाली ठेवला. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. अगदी हळू आवाजात त्यांनी विचारलं, "माझ्या नावानं काय लिहिलं?"

"वकिलाचा. अन् त्यातली नटी."

"ते काय आहे ते मले माहीत आहे काय?"

सासूबाई माझ्याकडे वळल्या, पण बोलत होत्या मामंजींशीच. "जन्म गेला माझा या घरात. भाजी कोणती करू, याच्यापलीकडे कधी काही बोलणं नाही. तेही विचारायचं मी अन् सांगायचं त्यायनं. पोरीचं लग्न ठरवलं, मले सांगितलं. मागची जागा विकली, मले सांगितलं. आता सून आली, तिले विचारतात. चांगलं आहे, विचारा. पण माझं मत मी न देताच मुंबईले जाते, अन् मले पत्ताच नाही!"

मी टाक खाली ठेवला. मला रडू येत होतं. मामंजी खुर्चीतून उठले, पुन्हा बसले.

"कूपन अजून टाकलं नाही पेटीत," ते म्हणाले. "फाडून टाकू का?"

"फाडू नका. मी पाहून येईन," सासूबाई म्हणाल्या. "माझ्या नावानं काय लिहिलं ते मी माझ्या डोळ्यानं पाहीन. मग सांगीन."

दुसऱ्या दिवशी बायकांचा दुपारचा खेळ होता. सासूबाईंनी पेटीतलं नऊवारी काढलं, देवळात जाताना नेसायचं ते. आम्ही दोघी टांग्यानं निघालो. जुम्मा तलावाच्या काठानं टांगा जात होता तेव्हा त्या म्हणाल्या, "अंधार असते म्हणतात आत."

"असतो. पण मी आहे ना."

"भेव नाही लागत मले. नुसतं विचारलं."

जनान्यात लाकडी बाकं होती. लेकरांची रडारड, फुटाण्यांची पुडकी, कोणाच्या तरी मांडीवर कोणाचं तरी पोर. पडदा उजळला तशा सासूबाई ताठ बसल्या आणि मध्यंतरापर्यंत हलल्या नाहीत. गाण्याच्या वेळी मी त्यांच्याकडे पाहिलं, तर त्या पडद्याच्या एका कोपऱ्यात बघत होत्या. पाठीमागे एक मोलकरीण झाडत होती, तिला. "नीट झाडत नाही," त्या मला म्हणाल्या.

कोर्टाचा देखावा आला. मला तो पाठ होता. नवरा खोटं बोलतो, वकील ओरडतात, लोक कुजबुजतात. मग वकिलाची बायको साक्षीच्या पिंजऱ्यात येऊन उभी राहते. न्यायाधीशाचं काम करणारा एक म्हातारा नट होता. तो चष्मा काढतो, टेबलावर ठेवतो, आणि म्हणतो, "बाई, तुम्हाला काय म्हणायचं आहे ते सावकाश सांगा. कोर्टाला वेळ आहे."

एवढंच वाक्य. पुढे ती नटी लांबलचक बोलली आणि गालावरून रडली. पण सासूबाईंनी माझा हात धरला तो त्या वाक्याला. बांगडी मनगटात रुतेल इतका घट्ट. सिनेमा संपून दिवे लागेपर्यंत त्यांनी तो सोडला नाही. दिवे लागल्यावर पाहिलं तर त्यांचे डोळे लाल झाले होते. त्यांनी पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "चाल. दूधवाला येऊन गेला असेल."

टांग्यात त्या सारा वेळ मागे सरकणाऱ्या रस्त्याकडे बघत बसल्या.

मामंजी छपरीत उभे होते. नुसते उभे. कोट घातलेला, कुठं जायचं नव्हतं तरी. सासूबाई त्यांच्या समोरून आत गेल्या, लुगडं बदललं, दूध तापवलं, चहा केला. मग कप घेऊन स्वतः बाहेर आल्या. एरवी चहा मी उंबऱ्यावर ठेवी. त्यांनी तो त्यांच्या हातात दिला आणि समोरच्या बाकड्यावर बसल्या. त्या बाकड्यावर ओव्हरसियर बसत. सासूबाईंना मी तिथं बसलेलं त्याआधी पाहिलं नव्हतं.

मामंजींनी घसा साफ केला. "मग," ते म्हणाले, "कोणाले द्यावं तुझ्या मते?"

"न्यायाधीशाले."

"कोणाले?"

"तो म्हातारा. चष्मा काढते तो."

"अगं, तो तर एका वाक्याचा नट आहे. पदक नायकाले असते. उत्कृष्ट न्यायाधीश असं पदकच नाही."

"मग तुमच्या पदकातच खोट आहे," सासूबाई म्हणाल्या. "मले विचारलं, मी सांगितलं. आता तुम्ही वाद घाला."

आणि मामंजींनी खरोखरच वाद घातला. छोट्या कामाला मोठं म्हणावं का, एक वाक्य चांगलं म्हटलं तर तो नट मोठा होतो का, असं कितीतरी ते बोलले. सासूबाई ऐकत होत्या, मध्येच "नाही" म्हणत होत्या, आणि का नाही तेही सांगत होत्या. स्वयंपाकाची वेळ टळून गेली. मी चूल पेटवली, भात टाकला. बाहेर दोघांचे आवाज चालले होते. ऐकताना मला बरं वाटत होतं, आणि खरं सांगायचं तर आत कुठंतरी टोचतही होतं. उंबऱ्यावरची माझी जागा आता कोणी धरून ठेवली नव्हती.

सासूबाईंच्या कुपनावर नटाच्या रकान्यातलं आधीचं नाव खोडून मामंजींनी अखेर त्या म्हाताऱ्याचं नाव लिहिलं. बोलपटाच्या जाहिरातीत ते नव्हतंच. ओव्हरसियरांनी कुठून तरी थेटरातल्या माणसाला विचारून आणलं. सोबत मामंजींनी संपादकांना एक कार्डही टाकलं, की लहान कामांसाठी वेगळं पदक असावं अशी आमच्या घरची सूचना आहे. त्या कार्डाचं उत्तर आलं नाही.

मग वाट पाहणं सुरू झालं. संक्रांत गेली, शिवरात्र झाली. पोस्टमन गल्लीच्या तोंडाशी दिसला की मामंजी खुर्चीत सरळ होत. पैज लागली होती, पैशाची नव्हे. हरणाऱ्यानं होळीला सगळ्यांच्या पुरणपोळ्या लाटायच्या, असं सासूबाईंनी ठरवलं. मामंजींनी पोळपाट जन्मात हातात धरला नव्हता. ओव्हरसियर तर घरी सराव करतो म्हणाले.

अंक आला तो होळीच्या तोंडावर. हे कचेरीतून यायचे होते. मामंजींनी वेष्टण फाडलं, पानं उलटली, आणि चष्मा वर करून पुन्हा वाचलं.

"काय झालं?" सासूबाईंनी विचारलं.

"हा कोणता?" मामंजी म्हणाले. "हा कोणता बोलपट आहे?"

उत्कृष्ट बोलपटाचं पदक कलकत्त्याच्या एका बोलपटाला मिळालं होतं. नटही त्यातला, नटीही त्यातली. तो नागपुरात आलाच नव्हता. वकील नाही, नावाडी नाही, ओव्हरसियरांची फोटोंवाली नाही. आम्ही सगळी थंडी ज्यांच्यावरून भांडलो त्यांची नावं खाली बारीक अक्षरात, 'यांनाही बरीच मतं मिळाली' म्हणून.

मामंजी चिडले. "मुंबई-कलकत्त्याच्या मधोमध आपण बसलो, अन् दोन्हीकडचं शिळं झाल्यावर इथं येते! न पाहिलेल्या बोलपटाशी वाद घालायचा कसा?"

ओव्हरसियरांना बोलावणं गेलं. त्यांनीही तो बोलपट पाहिला नव्हता, पण हरलो असं ते म्हणेनात, मामंजीही म्हणेनात. "सगळेच हरलो," सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे पोळ्या मलेच लाटाव्या लागतील." त्या हसत होत्या. होळीला मात्र मामंजी खरोखर स्वयंपाकघरात आले आणि त्यांनी एक पोळी लाटली. तिचा आकार सांगण्यासारखा नव्हता. ती ह्यांच्या पानात पडली. हे म्हणाले, "चांगली आहे."

कलकत्त्याचा तो बोलपट आला तेव्हा नागपूरचा उन्हाळा ऐन भरात होता. थेटरच्या दारांना वाळ्याच्या ताट्या लावून त्यांवर पाणी मारत होते. आत तरी भट्टीच होती. आम्ही सगळे एकदमच गेलो, ओव्हरसियरसुद्धा. मी आणि सासूबाई वर, पुरुषमंडळी खाली. मी मनात धरून गेले होते की आवडून घ्यायचा नाही. पण पहिल्या अर्ध्या तासातच मी ते विसरले. एका अंध गवयाची आणि त्याच्या बहिणीची गोष्ट होती. त्यात कोणी मोठ्यानं बोलत नव्हतं. बहीण भावाला रस्ता ओलांडून नेते, एवढंच पुन्हा पुन्हा दाखवलं होतं, आणि दर वेळी तिचा चेहरा निराळा होता.

बाहेर आलो. दोन टांगे केले. सासूबाई आणि मी एकात, समोर मामंजी. हे आणि ओव्हरसियर मागल्या टांग्यात. उन्हं उतरली होती, तरी रस्त्यातून वाफा येत होत्या. मी वाट बघत होते की मामंजी आता काहीतरी खोट काढतील. मी उत्तर तयारही करून ठेवलं होतं.

"चांगला आहे," मामंजी म्हणाले.

"चांगलाच आहे," सासूबाई म्हणाल्या.

मग घोड्याच्या टापा ऐकत आम्ही घरी आलो. इतकं चुकचुकल्यासारखं मला कधी वाटलं नव्हतं. भांडायला काही उरलंच नव्हतं.

त्याच पावसाळ्यात ह्यांची बदली जबलपूरला झाली. निघायच्या दिवशी मी मामंजींच्या पाया पडले. ते भिंतीकडे नाही, माझ्याकडे बघून म्हणाले, "तिकडे जे लागेल ते पाहत जा. अन् त्याले विचारू नको कसं वाटलं म्हणून. तो सगळ्यांले पास करते."

दिवाळीला आम्ही नागपूरला येत असू. दर वेळी छपरीत दोघं समोरासमोर दिसत, मामंजी खुर्चीत आणि सासूबाई बाकड्यावर, मध्ये तो अंक. ओव्हरसियर आता मुलाकडे राहायला गेले होते. सासूबाईंची मतं तिखट झाली होती. मी वादात पडले की दोघं एक होऊन माझ्यावर तुटून पडत. मग युद्धामुळे कागद मिळेना. अंक हातातल्या पंचांगाएवढा बारीक झाला, आणि एका साली कूपन आलंच नाही. मामंजींनी अंक पुढून मागून पाहिला आणि बाजूला ठेवला. त्या सालच्या पदकांचा निकाल दोघांनी छपरीतच लावला म्हणे. न्यायनिवाड्यात दोन दिवस अबोला झाला.

युद्ध संपलं त्या साली मामंजी गेले. फार दिवस अंथरुणाला नव्हते. दिवस झाल्यावर आम्ही सासूबाईंना जबलपूरला घेऊन आलो. त्या पुष्कळ दिवस घराबाहेर पडल्या नाहीत. मी सिनेमाचं नाव काढत नसे. एक दिवस त्यांनीच विचारलं, "इथं बायकांचा खेळ कोणत्या दिवशी असते?"

आम्ही गेलो. सिनेमा त्या वेळी फार गाजत होता. कोणता ते आता आठवत नाही. दिवे लागल्यावर आमच्या पुढच्या बाकावरची एक गोरीशी बाई तिच्या सोबतिणीला म्हणाली, "हीरोइन ने तो कमाल कर दी."

सासूबाई पुढे वाकल्या. त्यांची हिंदी नागपूरच्या बाजारातली. "क्या कमाल किया, बाई? मां मर गई तो भी बाल का एक केस हिला नहीं उसका."

ती बाई वळली. "अरे अम्मा, वो सदमे में थी!"

"सदमे में आदमी बाल बनाता है क्या?"

लोक बाहेर पडत होते, झाडणारा केरसुणी घेऊन आला होता, माझं पोर घरी शेजारणीपाशी ठेवलेलं. मी सासूबाईंचा हात धरून जिन्याकडे ओढत होते. ती बाईही आमच्या मागोमाग जिना उतरत होती, आणि सासूबाई एकेका पायरीवर थांबून मागे वळून तिला उत्तर देत होत्या.